पक्षाच्या माणसांनी केलेली वर्तमानपत्रांची मोजदाद किती खरी मानायची?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते दिसेल. डिचोलीतल्या तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका ‘माध्यम निरीक्षण’ मंडळाचा अहवाल फिरतोय. एका मराठी दैनिकातल्या दर चार बातम्यांपैकी तीन आपल्या पक्षाच्या विरोधात असतात, असं त्यात म्हटलंय. मंडळ चालवणारी माणसं त्याच पक्षाची, हे सगळ्या गावाला माहीत. तुमचा एक मित्र म्हणतो, मोजून काढलंय म्हणजे खरं असणार. दुसरा म्हणतो, पक्षाच्या माणसांनी काढलेला आकडा वाचायचाच कशाला? आणि तुम्ही चौघं मिळून पुढच्या विधानसभा निवडणुकीआधी असाच एक गट स्वतः काढायच्या विचारात आहात.

मला दोन्ही मित्रांचं पटत नाही. पण त्याआधी मी कोण ते सांगायला हवं, कारण ह्या विषयात बोलणारा कुठे बसून बोलतोय हे कळलं नाही तर बाकीचं ऐकण्यात अर्थ नाही. मी एकवीस वर्षं पणजीतल्या एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर काढली. नंतर कात्रणांचं आणि मोजदादीचं काम केलं, कंपन्यांसाठी, एका स्वयंसेवी संस्थेसाठी, आणि दोन निवडणुकांत एका पक्षासाठीसुद्धा. म्हणजे तुम्ही ज्या मंडळाबद्दल विचारताय, तसल्या मंडळाच्या खुर्चीत मी बसलेली आहे. पक्षाचं नाव सांगत नाही. दुसऱ्या पक्षाचं कामही अगदी तसंच चालायचं, ते पुढे येईलच.

अशा मंडळाकडे मी वकील म्हणून बघते. वकील अशिलाची बाजू मांडणार हे उघड असतं, तेवढ्यावरून त्याने हजर केलेला कागद खोटा ठरत नाही. कागद हातात घ्यायचा आणि तपासायचा. पण निकालपत्रही त्याच वकिलाने घरून लिहून आणलं तर आपण ते स्वीकारू का? तुमच्या अहवालातली एकेक बातमी, तारीख आणि पान हे कागद. ‘चारपैकी तीन’ हा निकाल. कागद जरूर बघा. निकालाकडे मात्र फार कडक नजरेने बघा, आणि असं का, ते मला थोडं लांबण लावून सांगावं लागेल.

पक्षासाठी काम करायचे तेव्हा ई-पेपर अजून रुळले नव्हते. पहाटे साडेसहाला सात-आठ पेपर टेबलावर, ब्लेड, फेविकॉल आणि कोरे कागद. कात्रण चिकटवायचं, वर तारीख, पेपर, पान क्रमांक, आणि कोपऱ्यात शिक्का: अनुकूल, प्रतिकूल किंवा तटस्थ. पहिल्याच आठवड्यात आमचे नेते म्हणाले, “आमच्या विरोधातलं तेवढं काढ गो, चांगलं आम्ही वाचतोच.” झालं. आठवडाभराची फाइल जाड झाली आणि तिच्यात एकही बरी बातमी नाही. ती फाइल हातात घेतलेला कोणीही म्हणाला असता की सगळे पेपर ह्यांच्या जिवावर उठलेत.

एके दिवशी अठरा जून रस्त्याच्या मागे एका झेरॉक्सवाल्याकडे प्रती काढायला गेले, तर माझ्या आधी दुसऱ्या पक्षाचा मुलगा उभा. त्याच्या हातातलं वरचं कात्रण आणि माझ्या हातातलं वरचं कात्रण एकच. विधानसभेत कूळ-मुंडकार खटल्यांवर (मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) चर्चा झाली होती, तिची एका दैनिकातली चार कॉलमी बातमी. आम्ही वरचे दोन परिच्छेद पिवळ्या पेनाने रंगवले होते, कारण त्यांत मंत्र्यांचा दावा होता. त्याने खालचे तीन रंगवले होते, कारण त्यांत विरोधकांचे आरोप होते. माझा शिक्का ‘प्रतिकूल’. त्याच्याकडे शिक्का नव्हता, त्याने हाताने लिहिलं होतं ‘पूर्वग्रहदूषित’. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. झेरॉक्सवाल्याने विचारलं, “दोघांचं एकच आहे, मग वेगवेगळं बिल कशाला?”

मानसशास्त्रात ह्याचा एक गाजलेला दाखला आहे. १९८२ मध्ये बैरूतमधल्या साब्रा आणि शातिला छावण्यांत हत्याकांड झालं. त्याच्या टीव्ही बातम्यांचे तेच तुकडे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात इस्रायलच्या बाजूच्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना दाखवले. दोन्ही गटांना त्याच बातम्या आपल्याविरुद्ध झुकलेल्या दिसल्या. व्हॅलोन, रॉस आणि लेपर यांनी ते १९८५ मध्ये प्रसिद्ध केलं. दोन्ही बाजूंना पेपर आपल्याविरुद्ध वाटतो म्हणजे तो निःपक्षपाती, असा सोयीचा अर्थ आमचे संपादक काढत. तोही बरोबर नाही. पेपर एका बाजूला चांगला झुकलेला असतो, आणि ज्यांच्या बाजूला झुकलाय त्यांनाही तो पुरेसा झुकलेला वाटत नाही. मी दोन्ही प्रकार पाहिलेत.

एका बाजूने माध्यमांवर अशी नजर ठेवायचं काम संघटितपणे करायची सुरुवात अमेरिकेत झाली. १९६९ मध्ये रीड आयर्विन नावाच्या, फेडरल रिझर्व्हमध्ये नोकरी करणाऱ्या अर्थतज्ज्ञाने ‘ॲक्युरसी इन मीडिया’ ही संस्था काढली. माध्यमं डावीकडे झुकलीत ही त्यांची तक्रार. त्यांची एक युक्ती मला मनापासून आवडते. माध्यम कंपनीचे थोडेसे शेअर घ्यायचे, भागधारक म्हणून वार्षिक सभेला जायचं आणि सगळ्यांदेखत बातम्यांबद्दल प्रश्न विचारायचे. १९८६ मध्ये डाव्या बाजूने ‘फेअर’ आली, १९८७ मध्ये उजव्या बाजूने ब्रेंट बोझेल यांचं ‘मीडिया रिसर्च सेंटर’, आणि २००४ मध्ये पुन्हा डावीकडून ‘मीडिया मॅटर्स’. ही शेवटची संस्था काढणारे डेव्हिड ब्रॉक आधी उजव्या गोटातले पत्रकार होते. एक लक्षात घ्या, ह्या संस्था आपला कल लपवत नाहीत. मीडिया रिसर्च सेंटर स्वतःला उघडपणे उजव्या विचारांचं म्हणवतं, मीडिया मॅटर्सने तर उजव्या बाजूची चुकीची माहिती पकडणं हेच काम म्हणून जाहीर केलंय. आपल्याकडे ‘जागृती’, ‘निरीक्षण’, ‘नागरिक’ अशी गोल नावं घेऊन मागच्या दाराने पक्षाचं काम चालतं, त्यापेक्षा हे बरं.

आणि ते उपयोगाचे नाहीत असंही नाही. एप्रिल २००७ मध्ये डॉन आयमस नावाच्या नामांकित रेडिओ निवेदकाने रटगर्स विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाबद्दल वंशद्वेषी शेरा मारला. पहाटेचा कार्यक्रम, हवेत विरून गेला असता. मीडिया मॅटर्सच्या माणसाने तो ऐकला, चित्रफीत आणि शब्दशः उतारा प्रसिद्ध केला. दीड आठवड्याच्या आत आयमस यांचा कार्यक्रम बंद झाला. पकडणारा डाव्या बाजूचा होता, शत्रुत्वाने कान लावून बसला होता, तरी शेरा खरा होता आणि ज्याला हवं त्याला तो ऐकता आला. तटस्थ माणूस रोज पहाटे उठून समोरच्याची चूक शोधत बसत नाही. तेवढी चिकाटी बहुतेक वेळा रागातूनच येते.

आता टक्केवारीकडे. मीडिया रिसर्च सेंटरचे ट्रम्प यांच्याबद्दलचे आकडे जगभर फिरले. मोठ्या टीव्ही वाहिन्यांवरच्या बातम्या सुमारे ९० टक्के प्रतिकूल, असा त्यांचा सूर. वाचणाऱ्याला वाटतं, दहा बातम्यांपैकी नऊ टीकेच्या. त्यांची पद्धत वाचली तर निराळंच कळतं. त्यांनी बातम्या मोजलेल्या नाहीत, वाक्यं मोजलीत. त्यातही फक्त बरं-वाईट मत व्यक्त करणारी वाक्यं. तटस्थ वाक्यं बाजूला काढली, पक्षाच्या प्रवक्त्यांनी आपल्या नेत्याची केलेली स्तुती किंवा समोरच्यावरची टीकाही बाजूला. मग जी उरली त्यांतली ९० टक्के प्रतिकूल. ही पद्धत त्यांनी लिहून ठेवलीय, लबाडी केलेली नाही. पण व्हॉट्सॲपवर पद्धत जात नाही, आकडा तेवढा जातो. म्हणून तुमच्या अहवालाला पहिला प्रश्न हा विचारा: कशापैकी चार? छापलेल्या सगळ्या बातम्यांपैकी, राजकीय बातम्यांपैकी, की कोणीतरी आधीच निवडून काढलेल्या बातम्यांपैकी? माझ्या त्या जाड फाइलवरून आकडा काढला असता तर चारपैकी चार आला असता.

दुसरा प्रश्न: मग किती असायला हव्या होत्या? झुकाव म्हणजे कुठल्यातरी सरळ रेषेपासूनचं अंतर. ती रेषा आखणार कोण? आपल्या गोव्याचंच घ्या. २०२२ च्या निवडणुकीत चाळीसपैकी भाजपला २० जागा मिळाल्या, काँग्रेसला ११. रिव्हॉल्युशनरी गोवन्सना (आरजी) जागा एकच, म्हणजे अडीच टक्के, पण मतं नऊ टक्क्यांच्या वर. तृणमूलला पाच टक्क्यांच्या आसपास मतं आणि जागा शून्य. समजा एका पेपरने आरजीला राजकीय बातम्यांच्या जागेतला विसावा हिस्सा दिला. जागांच्या हिशेबाने दुप्पट दिला, मतांच्या हिशेबाने निम्म्यावर आणला. दोन्ही बाजूंचे दोन अहवाल, दोन्ही बरोबर मोजलेले. त्यात आणखी भर म्हणजे त्याच सप्टेंबरात काँग्रेसचे आठ आमदार भाजपमध्ये गेले. मग रेषा कोणती धरायची, मार्चची की सप्टेंबरची? सरकार चालवणाऱ्याच्या बातम्या जास्त येणारच, पुलाचं उद्घाटन विरोधी पक्षनेता करत नाही. म्हणून ह्यावर एकच एक उत्तर नाही. कोणती रेषा धरली ते अहवालात आधी लिहिलेलं असलं पाहिजे, एवढाच आग्रह धरता येतो.

जागा आणि सूर ह्यांचीही गल्लत करू नका. २०१४ च्या लोकसभेच्या वेळी दिल्लीच्या सेंटर फॉर मीडिया स्टडीजने पाच वाहिन्यांचा रात्रीचा मुख्य वेळ मोजला. मोदींना जवळजवळ एक तृतीयांश वेळ, केजरीवालांना दहा टक्क्यांच्या आसपास, राहुल गांधींना पाच टक्क्यांच्याही आत. हा वेळेचा हिशेब आहे, आणि तेवढ्यापुरता बोलका आहे. पण केजरीवालांना राहुल गांधींच्या दुप्पट वेळ मिळाला म्हणजे वाहिन्या केजरीवालांच्या प्रेमात होत्या असं त्यावरून म्हणता येत नाही. धरणं धरणारा माणूस कॅमेऱ्याला आवडतो, आणि दिवसभर एखाद्यावर तोंडसुख घेतलं तरी घड्याळात वेळ त्याच्याच नावावर पडतो.

सुराची मोजणी किती निसरडी आहे ते एका बातमीवरून दाखवते. स्वयंसेवी संस्थेच्या कामात आम्ही दोन मुलांना एकच गठ्ठा वेगवेगळा वाचायला द्यायचो. पेडणे तालुक्यातली बातमी. मथळा: ‘पाण्यासाठी महिला रस्त्यावर’. फोटोत घागरी. पहिल्या तीन परिच्छेदांत चार दिवस नळ कोरडे, साबांखाचा, म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्याचा, अधिकारी फोन उचलत नाही. चौथ्यात, आमदारांनी तातडीने दोन टँकर पाठवले, महिलांनी आभार मानले. आमदार सत्ताधारी पक्षाचे. एका मुलाने लिहिलं, सरकारला प्रतिकूल. दुसरीने लिहिलं, सत्ताधाऱ्यांना अनुकूल, कारण पेडण्यात मत आमदाराला पडतं, साबांखाला नाही. अर्धा तास वाद. दोघांचंही चुकलं असं मी म्हणू शकले नाही. शेवटी नियमच बदलला. सरकार आणि आमदार ह्यांचे दोन वेगळे रकाने केले, आणि मथळा-फोटोला एक गुण, आतल्या मजकुराला वेगळा. संशोधक असे दोन वाचक किती वेळा जुळले ते एका गुणांकाने मोजतात. पूर्ण जुळले तर एक, निव्वळ योगायोगाइतकेच जुळले तर शून्य. ०.८ च्या खाली असेल तर निष्कर्ष काढताना हात आखडता घ्या, असा क्रिपेनडॉर्फ नावाच्या अभ्यासकाचा दंडक आहे. पक्षाच्या मंडळात दुसरा वाचक असतो, पण तोही त्याच पक्षाचा, त्यामुळे दोघं छान जुळतात.

ह्यापेक्षाही मोठी फसगत डेस्कवर बसल्याशिवाय कळत नाही. माझ्या काळात एका पक्षाचा प्रेसनोट दुपारी चारला यायचा. स्वच्छ मराठीत, मथळ्यासकट, सोबत फोटो, फोटोखाली डावीकडून कोण कोण ते लिहिलेलं. दुसऱ्या पक्षाचा यायचा रात्री साडेनऊला, इंग्रजीत, फोटो नाही, आणि त्यात मुद्दा शोधायला दुर्बीण हवी. तेव्हा एकटा उपसंपादक, आतली पानं सुटलेली, पान एक अडलेलं. कोणाचं तीन कॉलमी लागणार आणि कोणाचं संक्षिप्तमध्ये जाणार? विचारसरणीचा संबंधच नाही. तो दुसरा पक्ष वर्षभर आमच्या संपादकांना विकले गेलात म्हणून ऐकवत होता. मग त्यांनी एक सेवानिवृत्त शिक्षक प्रेसनोट लिहायला बसवले आणि महिनाभरात आमचा पेपर ‘सुधारला’. अहवालातल्या बातम्या तपासताना म्हणूनच बघा की ज्या दिवशी जागा मिळाली नाही त्या दिवशी बातमी पेपरपर्यंत पोचली कधी.

पेपर झुकतच नाहीत असं मी ह्यातून सुचवत नाहीये. झुकतात. पण गोव्यात झुकाव छापलेल्यापेक्षा न छापलेल्यात जास्त असतो, आणि ब्लेड-फेविकॉलवाल्याला न छापलेलं कापता येत नाही. एका सकाळी पान एकवर सरकारी योजनेची पानभर जाहिरात असते आणि ज्या खात्याची योजना त्याच खात्याबद्दल वार्ताहराने दिलेली बातमी ‘उद्या बघू’ म्हणून राहते. तो उद्या येत नाही. माझ्या हाताखालून अशा बातम्या गेल्यात, मी त्या अडवल्या नाहीत आणि सोडवल्याही नाहीत, हे कबूल करते. हे मोजायचं तर एक वाट आहे. माहिती अधिकारात माहिती आणि प्रसिद्धी खात्याकडून कोणत्या पेपरला किती रुपयांच्या जाहिराती ते मागवा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मग तो तक्ता आणि बातम्यांचा तक्ता शेजारी ठेवा. पक्षाची मंडळं हे सहसा करत नाहीत. सत्तेत असलेल्यांना ते नको असतं, आणि विरोधातल्यांना उद्या सत्तेत यायचं असतं.

मालकीबद्दलही विचारलंय तुम्ही, ओझरतं. गोव्यात खाण उद्योग आणि वर्तमानपत्रं ह्यांचं नातं जुनं, ते काही गुपित नाही. ‘गोमन्तक’ १९६२ मध्ये चौगुल्यांनी काढला, ‘नवहिंद टाइम्स’ आणि ‘नवप्रभा’ धेंप्यांचे. मालक कोण हे वाचकाला माहीत असावं. पण तेवढ्यावर निकाल देऊ नका. गोमन्तकची मालकी पुढे सकाळ समूहाकडे गेली, धेंप्यांनी २००९ मध्ये खाण व्यवसाय सेसा गोवाला विकला, आणि लोक अजून जुन्याच हिशेबाने बोलतात. उघड बाजू घेणं हे तर आपल्याकडे पाप मानलंही जात नव्हतं. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की संघप्रदेश ठेवायचा ह्यावरच्या १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाच्या वेळी गोमन्तक विलीनीकरणाच्या बाजूने आणि मडगावचा ‘राष्ट्रमत’ विरोधात, दोन्ही मराठी. उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ सदर राष्ट्रमतमध्ये यायचं. माझे वडील विलीनीकरणवादी, त्यामुळे घरी गोमन्तक, पण रविवारी दाढी करायला जाताना केशकर्तनालयात राष्ट्रमत वाचून येत आणि जेवताना त्याला शिव्या घालत. कौल लागला ३४,०२१ मतांच्या फरकाने, संघप्रदेश राहण्याच्या बाजूने. दोन्ही पेपर कुठे उभे आहेत हे वडिलांना माहीत होतं, म्हणून त्यांची फसवणूक झाली नाही. निराशा झाली ती वेगळी.

आतापर्यंतचं थोडक्यात: उदाहरणं एकेक करून तपासा, एकूण टक्का कशापैकी आणि कोणत्या रेषेपासून ते विचारा, आणि न छापलेलं मोजायचा प्रयत्न करा. आता तुमच्या गटाबद्दल.

गट काढायचा तर आधी ठरवा, तुम्हाला वकील व्हायचंय की मोजणीदार. दोन्ही चालतं, एकाच वेळी चालत नाही. वकील व्हायचं असेल तर बाजू जाहीर करा आणि टक्केवारीच्या वाटेला जाऊ नका. प्रत्येक तक्रार सुटी ठेवा: तारीख, आवृत्ती, पान, काय छापलं, खरं काय आहे, त्याचा पुरावा. नुसत्या नावांच्या यादीने काय होतं ते सप्टेंबर २०२३ मध्ये दिसलं. ‘इंडिया’ आघाडीने चौदा टीव्ही निवेदकांवर बहिष्कार जाहीर केला, बाहेर आली ती नावं, आणि चर्चा त्या निवेदकांनी काय केलं ह्यापेक्षा बहिष्कार योग्य की अयोग्य ह्यावरच झाली. दुसऱ्या टोकाला, केंद्र सरकारने आपल्याबद्दलच्या ऑनलाइन मजकुरातलं खरं-खोटं ठरवणारा स्वतःचाच तपास कक्ष २०२३ मध्ये नियमांत आणला, तर मुंबई उच्च न्यायालयाने तो सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवला. फिर्यादीच न्यायाधीश होऊन बसला तर ते टिकणं कठीण.

तक्रार कुठे करायची? वर्तमानपत्राची असेल तर आधी संपादकाला लेखी. दुरुस्ती नाही आली तर प्रेस कौन्सिल ऑफ इंडिया. दैनिकासाठी मुदत छापल्यापासून दोन महिने, ती चुकवू नका. कौन्सिल ताकीद देऊ शकतं, नापसंती नोंदवू शकतं, दंड करू शकत नाही. लोक म्हणूनच हसतात, पण संपादकाला कौन्सिलचा कागद आला की डेस्कवर आठवडाभर सगळे दोनदा वाचून सोडतात, हे मी पाहिलंय. टीव्हीसाठी आधी वाहिनी, मग वाहिन्यांच्या संघटनेचं प्राधिकरण. तिथला कमाल दंड २०२३ मध्ये एक लाख होता, जो सर्वोच्च न्यायालयालाही तेव्हा अपुरा वाटला, आणि दंड फक्त सभासद वाहिन्यांना. गोव्यातली फेसबुक-यूट्यूबवरची चॅनेलं सभासद असतीलच असं नाही, आधी यादी बघा. निवडणूक लागल्यावर पेड न्यूजचा, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातमीचा, संशय आला तर निवडणूक आयोगाची माध्यम देखरेख समिती जिल्हा पातळीवर असते, तिच्याकडे जा. तिथे तुमची मोजदाद खरी कामाला येते. एकाच उमेदवाराची शब्दशः तीच स्तुती दोन पेपरांत वेगवेगळ्या नावांनी आली तर दोन पानं शेजारी ठेवली की पुरे. २००९ मध्ये महाराष्ट्रात पेड न्यूजचं प्रकरण तसंच उघड झालं होतं.

मोजणीदार व्हायचं असेल तर काम कंटाळवाणं आहे आणि ते तसंच करावं लागतं. निवडणुकीच्या महिन्यात सलग पंधरा दिवस घेऊ नका, त्यात एखादं आंदोलन किंवा पक्षांतर सगळा हिशेब खाऊन टाकतं. वर्षातून कधीतरी एक सोमवार, कधीतरी एक मंगळवार, अशा चिठ्ठ्या टाकून दोन आठवडे जुळवा. दैनिकाच्या वर्षभराचा अंदाज यायला अभ्यासक तेवढे पुरेसे मानतात. नियम आधी लिहा, बातम्या नंतर वाचा. वाचताना पेपरचं नाव झाका, आम्ही त्यासाठी मजकूर साध्या कागदावर टाइप करून घ्यायचो. चौघांपैकी एक तरी असा माणूस घ्या ज्याच्याशी तुमचं राजकारणावर पटत नाही. असा कोणी मिळत नसेल तर मोजणीदार व्हायचा नाद सोडा. आणि जे आकडे तुमच्या मनाविरुद्ध येतील तेही छापा. आमच्या संस्थेने एकदा असं केलं, तर ज्या देणगीदाराला ते आवडलं नाही त्याने पुढच्या वर्षी पैसे दिले नाहीत. असं होऊ शकतं, धरून चाला.

लिहिताना ‘विकाऊ’, ‘दलाल’ असले शब्द टाळा. बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे, आणि पेपरकडे वकील असतो, तुमच्याकडे नसतो. ‘अमुक तारखेला पान तीनवर हे छापलं, विधानसभेच्या कामकाजात ते तसं नाही’ एवढं लिहिलं तरी पुष्कळ होतं.

तुमच्या हातातल्या अहवालाचं काय करायचं, तर त्यातली पाच उदाहरणं चिठ्ठी टाकून निवडा. म्हणजे मंडळाने ठळक छापलेली नव्हे, कुठलीही पाच. गावच्या वाचनालयात किंवा पणजीच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात त्या दिवसाचा अख्खा अंक मागा. बातमी पूर्ण वाचा, शेजारी काय लागलंय ते बघा, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूचा खुलासा आला होता का ते बघा. पाचही टिकली तर पेपरच्या संपादकाला पत्र लिहा, तुम्ही त्या पक्षाचे नसलात तरी. दोनच टिकली तर मंडळाला लिहा. आणि पुढे स्वतः जमवाल तेव्हा कात्रण कापू नका, पूर्ण पान ठेवा. ई-पेपरचं असेल तर त्याच दिवशी उतरवून घ्या, जुने अंक किती दिवस राहतील ते त्यांच्या हातात असतं. माझ्या सगळ्या फाइली कापलेल्या कात्रणांच्या आहेत. एका पावसाळ्यात अर्ध्या बुरशीने गेल्या, आणि उरल्यात त्यांत शेजारी काय छापलं होतं ते मलाही आता कळत नाही.